खासगी विहिरीच्या पाण्याची परीक्षा

जमीन विकत घेतांना शेतकरी तिची पुष्कळ परीक्षा करितो. माती उकरून पाहतो, बांध मोजून घेतो, सातबारा व फेरफार काढून बोजा आहे कीं नाहीं याची खात्री करून घेतो. त्या जमिनींत विहीर असल्यास ती किती परस खोल आहे, उन्हाळ्यांत तिला पाणी किती राहतें व पंप किती तास चालतो, याचीही चौकशी होते. परंतु त्या पाण्यांत काय विरघळलेलें आहे हें विचारणारा मनुष्य क्वचितच आढळतो. सातबाराच्या इतर हक्कांच्या सदरांत विहिरीची नोंद असते, पीकपाहणींत ओलिताच्या साधनाचा उल्लेख असतो. पाण्याच्या गुणाविषयीं मात्र या कागदांत एक ओळही सांपडत नाहीं. ती ओळ मालकानें स्वतःच मिळवून लिहून ठेविली पाहिजे.

गांवची सार्वजनिक विहीर, हातपंप किंवा नळयोजना यांच्या पाण्याचे नमुने ग्रामपंचायतीमार्फत तपासणीस जातात. त्यासाठीं जलसुरक्षक नेमलेला असतो. मळ्यांतील खासगी विहिरीची जबाबदारी मात्र मालकाची. तिचें पाणी केवळ पिकास जातें असें नाहीं. मळ्यांत राहणारें कुटुंब, सालदार, खुरपणीच्या बाया, ऊंसतोडीच्या टोळ्या, त्यांचीं तान्हीं मुलें आणि गोठ्यांतील गुरें, हीं सर्व तेंच पाणी पितात. म्हणून ही परीक्षा केवळ मालकाच्या सोयीची गोष्ट नसून, त्याच्या विश्वासावर ओंजळ पुढें करणाऱ्या प्रत्येकाविषयीं असलेलें त्याचें कर्तव्य आहे. ती कां करावी, कशी करावी व तिच्यावरून काय समजावें, हें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

घरगुती परीक्षा व त्यांची मर्यादा

पाण्याच्या कांहीं परीक्षा आपल्या घरांतून पिढ्यान्पिढ्या चालत आल्या आहेत. तुरीची डाळ लवकर शिजली तर पाणी हलकें, न शिजली तर जड. साबणाचा फेस होत नसेल व हंड्याच्या बुडाशीं पांढरी खपली धरत असेल, तरीही पाणी जड. चव खारट लागली तर तें मचूळ. रात्रभर भांड्यांत ठेविल्यावर तांबूस सांका बसला तर त्यांत लोह आहे असें समजावें. या परीक्षा खोट्या नाहींत. डाळ न शिजण्याचें कारण पाण्यांतील कॅल्शियम व मॅग्नेशियम हें खरेंच आहे. परंतु या परीक्षा जेवढ्या गोष्टीसाठीं आहेत तेवढेंच सांगतात. आपल्याकडील विहिरींत आढळणाऱ्या द्रव्यांपैकीं फ्लोराइड, नायट्रेट व रोगजंतु या तिहींपासून शरीरास विशेष अपाय होतो; आणि त्यांस ना रंग, ना वास, ना चव. काचेच्या पेल्यांत मोत्यासारखें दिसणारें पाणीही या तिन्ही दोषांनीं युक्त असूं शकतें.

इतकेंच नव्हे, तर डाळीची परीक्षा कित्येकदां उलट साक्ष देते. कॅल्शियम व फ्लोराइड यांचा संयोग झाला कीं तो पदार्थ पाण्यांत फारच थोडा विरघळतो. म्हणून ज्या पाण्यांत कॅल्शियम पुष्कळ असतें त्यांत फ्लोराइड सहसा फार वाढत नाहीं. उलट ज्या पाण्यांत कॅल्शियम कमी व सोड्याच्या जातीचे क्षार अधिक असतात, त्यांत फ्लोराइड विरघळून राहण्यास मोकळीक मिळते. असें पाणी हलकें असतें, त्यांत डाळ झटकन् शिजते व साबणास फेसही भरपूर येतो. याचा अर्थ प्रत्येक हलकें पाणी सदोष असा मात्र करूं नये. अर्थ एवढाच कीं, ज्या गुणासाठीं गृहिणी त्या विहिरीची वाखाणणी करिते, तो गुण पाणी निर्दोष असल्याचा पुरावा नव्हे. पुरावा प्रयोगशाळेंतूनच मिळवावा लागतो.

पाण्यांतील द्रव्यांचे दोन उगम

विहिरीच्या पाण्यांतील द्रव्यें दोन वाटांनीं येतात, व हा भेद ध्यानीं ठेविला म्हणजे पुढील सर्व विवेचन सोपें होतें. पहिली वाट खडकाची. पावसाचें पाणी मातींतून मुरतांना तेथील कार्बन डायऑक्साइड वायु शोषून किंचित् आंबट बनतें व खडकाचे अंश हळूहळू विरघळवितें. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा असल्यामुळें त्यांतून कॅल्शियम व मॅग्नेशियम पाण्यांत येतात व पाणी जड होतें. पूर्वेकडील ज्या भागांत ग्रॅनाइटासारखे अधिक जुने खडक आहेत, तेथें फ्लोराइडचा प्रश्न उद्भवतो. यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड या जिल्ह्यांतील कांहीं तालुक्यांत तो प्रसिद्ध आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यांत, अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या गाळाच्या प्रदेशांत, भूगर्भांतील पाणीच खारें आहे. त्या प्रदेशाचें नांवच खारपाणपट्टा पडलें आहे.

दुसरी वाट माणसाची. उकिरडा, गोठ्याचें मूत्र, शौचालयाचा शोषखड्डा, सांडपाण्याचें डबकें आणि शेतांत टाकलेला युरिया, यांतून नायट्रेट व रोगजंतु विहिरींत उतरतात.

खडकाचीं द्रव्यें सावकाश बदलतात. तीं एकदां मोजलीं म्हणजे कांहीं काळ तरी त्या आंकड्यांवर विसंबतां येतें. माणसाकडून आलेलीं द्रव्यें ऋतूप्रमाणें व हातून घडणाऱ्या चुकीप्रमाणें बदलतात. वैशाखांत निर्दोष असलेलें पाणी आषाढांत दूषित होऊं शकतें. म्हणून पहिल्या प्रकारची परीक्षा सावकाश पण पूर्ण, व दुसऱ्या प्रकारची वारंवार, असा नियम आहे.

फ्लोराइड

मद्रास इलाख्याच्या नेल्लोर भागांतील लोकांच्या पाठीचे कणे व सांधे ताठून जात असत. त्या विकाराचें वर्णन शॉर्ट व त्यांचे सहकारी यांनीं १९३७ सालीं प्रसिद्ध केलें व तो पिण्याच्या पाण्यांतील फ्लोराइडनें होतो हें दाखविलें. फ्लोराइड थोडें असेल तर तें दांतांस उपकारक असतें. मर्यादेबाहेर गेलें म्हणजे तेंच अपायकारक होतें. लहानपणीं, साधारण आठ वर्षांपर्यंत, पक्क्या दांतांवरील कवच घडत असतें. त्या काळांत असें पाणी पोटांत गेलें तर दांतांवर प्रथम खडूसारखे पांढरे पट्टे, पुढें पिंवळे व तपकिरी डाग आणि शेवटीं खड्डे पडतात. हे डाग घासून जात नाहींत, कारण ते दांतावर बसलेले नसून दांताच्या घडणींतच असतात. वर्षानुवर्षें तेंच पाणी चालू राहिल्यास मान, पाठ व गुडघे ताठतात, आणि ऐन उमेदींतल्या माणसास वांकून औत धरणें कठीण होतें.

येथें एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. पाणी खोल गेलें म्हणून आपण विंधन विहिरी अधिकाधिक खोल घेत आहों. खोलवरचें पाणी खडकाच्या सहवासांत फार काळ राहिलेलें असतें. म्हणून ज्या भागांत खडकांत फ्लोराइड आहे तेथें उथळ विहिरीपेक्षां बोअरच्या पाण्यांत त्याचें प्रमाण अधिक आढळण्याचा संभव असतो. जुनी विहीर आटली व नवी बोअर घेतली, तर ‘याच शेताचें पाणी आम्ही तीन पिढ्या पितों’ हा युक्तिवाद निरुपयोगी होतो. तीन पिढ्या प्यायल्या तें पाणी हें नव्हेच.

नायट्रेट

अमेरिकेंतील आयोवा राज्यांत कॉम्ली नांवाच्या डॉक्टरानें १९४५ सालीं एक महत्त्वाचा लेख प्रसिद्ध केला. शेतावरील विहिरीच्या पाण्यांत दूध कालवून ज्या तान्ह्या मुलांस पाजीत होते, त्यांपैकीं कांहींचा रंग निळसर पडूं लागला होता. व त्याचें कारण विहिरीच्या पाण्यांतील नायट्रेट हें निघालें. कोंवळ्या मुलाच्या पोटांत नायट्रेटचें नायट्राइट बनतें व तें रक्ताची प्राणवायु वाहून नेण्याची शक्ति कमी करितें. सहा महिन्यांच्या आंतील, वरच्या दुधावर असलेल्या मुलास हा धोका सर्वांत अधिक असतो. अशा वेळीं आई जितकी काळजी घेऊन पाणी उकळील तितकें तें वाईट होतें. कारण उकळल्यानें पाणी आटतें, नायट्रेट आटत नाहीं.

याच नायट्रेटला शेतीच्या हिशोबाची दुसरी बाजू आहे. एका लिटरांत ४५ मिलिग्रॅम नायट्रेट असेल तर त्यांत नत्र सुमारें १० मिलिग्रॅम असतें. ९० मिलिग्रॅम नायट्रेटच्या पाण्यांत तें सुमारें २० मिलिग्रॅम असतें. पांच सेंटिमीटर पाण्याची एक पाळी म्हणजे हेक्टरीं पांच लक्ष लिटर पाणी. त्या पाळीबरोबर सुमारें १० किलो नत्र, म्हणजे जवळजवळ २२ किलो युरिया, शेतांत पडतो. ज्याची विहीर अशी आहे त्यानें वरखताची मात्रा ठरवितांना हें नत्र जमेस धरावें. तें न धरितां पुन्हां युरिया दिला, तर पीक माजतें, कीड वाढते आणि जादा झालेलें नत्र झिरपून पुन्हां त्याच विहिरींत उतरतें. विहिरींत सांपडलेलें नायट्रेट म्हणजे पुष्कळ अंशीं आपण दुकानांतून पैसे देऊन आणलेलें व वायां गेलेलें खतच होय.

रोगजंतु

पटकी, विषमज्वर, हगवण व कावीळ हे रोग ज्या पाण्यामुळें पसरतात तें बहुधा दिसावयास स्वच्छच असतें. विष्ठेचा संसर्ग विहिरीस पोंचला आहे कीं नाहीं हें प्रयोगशाळेंत ई. कोलाय नांवाच्या जंतूवरून ठरवितात. १०० मिलिलिटर पाण्यांत तो मुळींच आढळतां कामा नये. यासाठीं एक सोपी बाटलीही मिळते. मांजा, मौर्य व राव या संशोधकांनीं १९८२ सालीं ती पद्धत प्रसिद्ध केली. औषध लावलेला कागद असलेल्या त्या बाटलींत खुणेपर्यंत पाणी भरून ती उबदार जागीं ठेवितात. २४ ते ४८ तासांत पाणी काळें पडलें तर विहीर दूषित आहे असें समजतात. ही परीक्षा प्राथमिक आहे, तरी पावसाळ्यांत मळ्यांतल्या मळ्यांत करण्यास ती फार उपयोगी पडते.

ओलिताचें पाणी

पिण्यास चालणारें पाणी जमिनीस चालेलच असें नाहीं. एका लिटरांत एक ग्रॅम क्षार असलेलें पाणी फारसें खारें लागत नाहीं. पण त्याची पांच सेंटिमीटरची एक पाळी हेक्टरीं ५०० किलो क्षार जमिनींत आणून टाकते. पाणी पीक पितें व ऊन नेतें. क्षार तेथेंच राहतात. निचरा चांगला असेल तर पावसाळ्यांत ते धुवून जातात. भारी काळ्या जमिनींत ते सांचत जातात.

ओलितासाठीं मुख्यतः तीन गोष्टी पाहाव्या. पहिली विद्युतवाहकता, तिच्यावरून एकूण क्षार कळतात. अमेरिकेंतील रिव्हरसाइड येथील प्रयोगशाळेनें १९५४ सालीं दिलेल्या वर्गवारीप्रमाणें ती ०.२५ डेसिसिमेन्सपर्यंत कमी, ०.७५ पर्यंत मध्यम, २.२५ पर्यंत अधिक व त्यापुढें अति अधिक समजतात. दुसरी गोष्ट सोडियमचें इतर क्षारांशीं असलेलें गुणोत्तर. तिसरी उर्वरित सोडियम कार्बोनेट, तें १.२५ मिलिइक्विव्हॅलंटच्या आंत असल्यास पाणी सुरक्षित, २.५ च्या वर गेल्यास अयोग्य. यांतील दुसरी व तिसरी गोष्ट वाढली म्हणजे जमीन चोपण होते. तिचीं ढेंकळें दगडासारखीं होतात व पाणी मुरत नाहीं. डाळ उत्तम शिजविणारें सोड्याचें पाणी पुष्कळदां याच वर्गांत मोडतें. एकाच विहिरीनें मुलांचे दांत व शेताची माती या दोहोंचें नुकसान करावें, असा योग त्यामुळें येतो. अशा जमिनीस जिप्सम द्यावयाचें कीं नाहीं व किती, हें माती व पाणी या दोहोंच्या अहवालावरूनच ठरवावें.

नमुना कसा घ्यावा

चुकीचा नमुना दिला तर उत्तम प्रयोगशाळाही चुकीचेंच उत्तर देईल. म्हणून पुढील गोष्टी कटाक्षानें पाळाव्या.

१. रासायनिक तपासणीसाठीं एक-दोन लिटरची प्लास्टिकची स्वच्छ बाटली घ्यावी. तेलाची, औषधाची किंवा कीटकनाशकाची रिकामी बाटली कितीही धुतली तरी वापरूं नये. ज्या पाण्याचा नमुना घ्यावयाचा त्याच पाण्यानें ती तीनदां खंगाळावी, मग गळ्यापर्यंत भरून घट्ट बूच लावावें.

२. बोअर असल्यास पंप दहा मिनिटें चालवून मग नमुना घ्यावा. नळींत साठलेलें पाणी घेऊं नये. उघड्या विहिरींत कांठाजवळचें किंवा वरचें शेवाळी पाणी न घेतां मध्यभागीं पृष्ठभागाखालील पाणी घ्यावें.

३. जंतूंच्या तपासणीची बाटली प्रयोगशाळेंतूनच निर्जंतुक केलेली आणावी. ती खंगाळूं नये; तींत क्लोरिनचा परिणाम थांबविणारें औषध घातलेलें असतें. बुचाच्या आंतल्या बाजूस बोट लावूं नये. बाटली थोडी रिकामी ठेवावी. ती बर्फांत ठेवून शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांच्या आंत, पोंचवावी.

४. बाटलीवर मालकाचें नांव, गांव, गट नंबर, विहीर कीं बोअर, खोली, दिनांक, वेळ, व पाणी पिण्याचें कीं ओलिताचें, हें स्पष्ट लिहावें. बिननांवाचा नमुना बिनसहीच्या अर्जासारखाच होय.

५. रासायनिक तपासणी प्रथम एकदां पूर्ण करावी. तींतील नायट्रेट व जंतु यांची तपासणी वर्षांतून दोनदां, एकदां मृगापूर्वीं व एकदां पावसाळा संपल्यावर, करावी. विहीर खोल केली, नवी बोअर घेतली, पुराचें पाणी विहिरींत शिरलें, किंवा घरांत लागोपाठ पोटाचे विकार झाले, तर ठरलेल्या वेळेची वाट पाहूं नये.

पिण्याच्या पाण्यासाठीं राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. ओलिताच्या पाण्यासाठीं मृद्परीक्षण प्रयोगशाळा, कृषि विज्ञान केंद्र किंवा कृषि विद्यापीठ येथें चौकशी करावी. नमुना देतांना केवळ ‘पाणी तपासून द्या’ असें म्हणूं नये. फ्लोराइड, नायट्रेट, जडपणा, एकूण क्षार, क्लोराइड, सामू व जंतु यांचे आंकडे पाहिजेत असें लेखी सांगावें. शेजाऱ्याचा अहवाल आपल्या विहिरीस लावूं नये. खडकांतील भेगा निरनिराळ्या असतात, व एकाच बांधाच्या दोन बाजूंस असलेल्या दोन बोअरच्या पाण्यांतही फरक निघतो.

अहवाल कसा वाचावा

अहवालांत बहुतेक आंकडे एका लिटरांत किती मिलिग्रॅम असे दिलेले असतात. एक मिलिग्रॅम म्हणजे दहा लक्ष भागांत सुमारें एक भाग. भारतीय मानक ब्यूरोच्या आय.एस. १०५०० या मानकाच्या २०१२ च्या आवृत्तींत दोन मर्यादा आढळतात. पहिली इष्ट मर्यादा; दुसरी, अन्य पाणी मिळतच नसेल तर चालवून घेण्याची मर्यादा. मुख्य आंकडे असे:

एकूण विरघळलेले क्षार: इष्ट ५००, शेवटची मर्यादा २०००.
एकूण जडपणा: इष्ट २००, शेवटची मर्यादा ६००.
क्लोराइड: इष्ट २५०, शेवटची मर्यादा १०००.
फ्लोराइड: इष्ट १.०, शेवटची मर्यादा १.५.
नायट्रेट: ४५, यांत सवलत नाहीं.
सामू: ६.५ ते ८.५; यांतही सवलत नाहीं.

हे आंकडे वाचतांना तारतम्य ठेवावें. जडपणा ४०० निघाला म्हणून घाबरण्याचें कारण नाहीं. डाळ उशिरां शिजेल, साबण अधिक लागेल, इतकेंच. परंतु फ्लोराइड २ निघालें तर ‘दीडाच्या वर अर्धाच आहे’ असें म्हणून स्वस्थ बसूं नये. पहिला आंकडा मोठा दिसतो व दुसरा लहान. अपाय मात्र लहान आंकड्यांत आहे.

उपाय दोषाप्रमाणें

सर्व दोषांस एकच औषध नाहीं, व परीक्षेचा खरा उपयोग येथेंच होतो. पाणी उकळल्यानें जंतु मरतात व जडपणाचा कांहीं भाग खालीं बसतो; फ्लोराइड व नायट्रेट यांचें प्रमाण उलट वाढतें. तुरटीनें गढूळपणा बसतो; नायट्रेट हलत नाहीं. टी.सी.एल. पावडरनें जंतु नाहींसे होतात. क्षारांवर तिचा कांहीं परिणाम नाहीं.

टी.सी.एल. पावडरचा हिशोब सोपा आहे. चांगल्या प्रतीची पावडर एक हजार लिटर पाण्यास २.५ ग्रॅम लागते. गोल विहिरीचा व्यास मीटरांत घेऊन त्याचा वर्ग करावा, त्यास पाण्याच्या खोलीनें व ३.१४ नें गुणून चारानें भागावें, म्हणजे घनमीटर येतात. एक घनमीटर म्हणजे एक हजार लिटर. सहा मीटर व्यासाच्या विहिरींत चार मीटर पाणी असल्यास तें सुमारें ११३ घनमीटर होतें व त्यास सुमारें २८३ ग्रॅम पावडर लागते. ती बादलींत कालवून चुना खालीं बसूं द्यावा, वरचें निवळ पाणी विहिरींत सोडून ढवळावें, व निदान एक तास पाणी उपसूं नये. साठवणींतली पावडर ओल लागून निर्जीव होते, म्हणून डबा घट्ट बंद ठेवावा.

फ्लोराइडसाठीं तुरटी व चुना यांची नालगोंडा पद्धत नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें बसविली आहे. मात्र तुरटीचें प्रमाण त्या त्या पाण्याच्या परीक्षेवरूनच ठरवावें लागतें, अंदाजानें नव्हे. आर.ओ. यंत्रानें फ्लोराइड व नायट्रेट हीं दोन्ही पुष्कळ कमी होतात. परंतु यंत्रांतून बाहेर टाकलेल्या पाण्यांत तींच द्रव्यें दाट झालेलीं असतात, तें पुन्हां विहिरीकडे जाऊं देऊं नये. आणि यंत्र बसविल्यानंतरही त्यांतून निघणारें पाणी तपासून घ्यावें.

सर्वांत उत्तम उपाय पिण्यापुरतें दुसरें पाणी योजण्याचा. पांच माणसांच्या कुटुंबास पिण्यास व स्वयंपाकास रोज २५ लिटर धरले, तर २४० कोरड्या दिवसांस ६००० लिटर पुरतात. तीस चौरस मीटरच्या पत्र्याच्या छपरावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला व त्याचा पांचवा भाग वायां गेला असें धरलें, तरी १६८०० लिटर पाणी हातीं येतें. पहिल्या पावसाचें पाणी बाहेर सोडून पुढचें गाळून बंद टांक्यांत साठविलें, तर सदोष बोअर ओलितास व धुण्यास ठेवून घरास निर्दोष पाणी मिळूं शकतें. अर्थात् साठविलेल्या पाण्याचीही जंतूंसाठीं परीक्षा करावी.

नायट्रेट व जंतु यांवरील उपाय विहिरीच्या बाहेर आहे. उकिरडा, गोठ्याची मोरी व शौचालयाचा खड्डा विहिरीपासून निदान ५० फूट दूर व उताराच्या खालच्या अंगास असावा. विहिरीस कठडा व भोंवतीं सिमेंटचा ओटा असावा. धुणें व गुरें धुणें तेथें होऊं नये. युरिया एकदम न देतां हप्त्यांनीं द्यावा, व मोठ्या पावसाच्या तोंडावर देऊं नये.

नोंद ठेवण्याविषयीं

पाणी तपासून घेण्यास कित्येक शेतकरी कां कूं करितात, त्याचें कारण खर्च हें नसतें. अहवाल वाईट आला तर जमिनीची किंमत उतरेल, सोयरीक जमवितांना लोक नांवें ठेवतील, शेजारी बोट दाखवितील, अशी भीति असते. ही भीति समजण्यासारखी आहे, पण तिच्यांत हिशोबाची चूक आहे. अहवाल न काढल्यानें फ्लोराइड कमी होत नाहीं. तें मुलांच्या दांतांवर उमटतें, व तो दाखला साऱ्या गांवास वाचतां येतो. उलट दोष कळला तर बहुतेक वेळां घरापुरता उपाय साधतो. विहीर सोडावी लागत नाहीं.

महसुलाच्या दप्तरांत ज्यानें आयुष्य घालविलें त्यास एक गोष्ट पक्की ठाऊक होते: ज्या वस्तूची नोंद नाहीं ती प्रसंग पडल्यावर सिद्ध करितां येत नाहीं. म्हणून प्रत्येक विहिरीसाठीं वहीचें एक पान राखावें. त्यावर गट नंबर, खोली, केव्हां खोदली व केव्हां खोल केली, नमुन्याचा दिनांक, आलेले आंकडे, केलेला उपाय व पुढील तपासणीची तिथि लिहावी. मूळ अहवाल सातबाराच्या उताऱ्यांबरोबर ठेवावा. पांच-सहा वर्षांचे आंकडे एकाखालीं एक आले म्हणजे नायट्रेट चढत आहे कीं उतरत आहे, क्षार वाढत आहेत कीं स्थिर आहेत, हें कोणाही साक्षर मुलास सांगतां येईल. वांटणीच्या वेळीं ज्याच्या वांट्यास ती विहीर जाईल त्यासही आपणांस काय मिळालें हें कळेल.

यंदाचा पावसाळा संपतांच सोसायटीच्या प्रत्येक सभासदानें आपल्या विहिरीचा निदान एक नमुना पाठवावा. एका गांवच्या दहा-वीस मालकांनीं एकाच दिवशीं नमुने गोळा केले तर ते पोंचविण्याचा खर्च विभागला जातो, आणि गांवांत कोणत्या बाजूचें पाणी पिण्यास योग्य व कोणत्या बाजूचें केवळ ओलितास, हें सर्वांस एकदमच कळतें. मग ज्याची विहीर निर्दोष निघेल त्यानें शेजाऱ्याच्या घरीं तान्हें मूल असल्यास त्यास घागरभर पाणी नाकारूं नये.